डाव्या पंखावरचा श्री

९ सप्टेंबर, मंगळवार

आज कुरिअरने आलं ते असं. बाल्साच्या काड्या आणि पातळ फळ्या, रु. १४५०. जपानी कागद दहा ताव, रु. १२००. डोप नावाचं वास मारणारं वार्निश, दोन बाटल्या, रु. ६४०. रबराची पट्टी, रु. ३८०. पोचवणावळ २१०. एकूण रु. ३८८०.

आणि हे सगळं पितृपक्षात. या दिवसांत मी घरात नवा झाडूसुद्धा आणत नाही, हे ह्यांना माहीत नाही असं नाही. सदतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात खऱ्या विमानांचं काम केलं, मार्चमध्ये रिटायर झाले, तरी विमानं काही सुटली नाहीत. आता लाकडाची आणि कागदाची.

"अहो, ह्याचा रिमोट कुठाय?"

"रिमोट नसतो. रबराला पीळ द्यायचा, पंखा फिरतो. एकदा हातातून सोडलं की सोडलं."

"मग परत कसं येणार?"

"आलं तर आलं."

तीन हजार आठशे ऐंशी रुपये, आणि म्हणे आलं तर आलं! कागद म्हणजे कांद्याच्या आतला पापुद्रा. खोकं पलंगाखाली ढकललं. घट बसेपर्यंत उघडायचं नाही, असं बजावलं.

१४ सप्टेंबर, रविवार

खोकं उघडलं. मी रामाच्या दर्शनाला गेले तेवढ्यात.

आणि सांगाडा कशावर मांडावा? सत्यनारायणाच्या चौरंगावर. लाकूड सपाट आहे म्हणे. त्यावर नकाशा पसरून, काड्या मांडून, टाचण्या ठोकून ठेवल्या. माझ्या आईने येवल्याहून डोक्यावर आणलेला चौरंग, त्याला भोकं. मी एवढी बोलले की शेजारच्या खिडक्या बंद झाल्या.

ह्यांचं आपलं चालूच. एक टाचणी बोटात घुसलेली, रक्त काडीवर टपकतंय, आणि ह्यांना पत्ता नाही. मीच ओढून काढली. म्हटलं, "दुखत नाही का?" तर म्हणाले, "कामात लक्ष असलं की नाही कळत." माझं बोलणं पण असंच कळत नसणार.

कपाटाचं जुनं दार माळ्यावर होतं ते काढून दिलं. चौरंग धुतला, गोमूत्र शिंपडलं. भोकं आहेत तशीच आहेत.

२४ सप्टेंबर, बुधवार

परवा घट बसले. उपास सुरू. त्यात हे.

ह्यांनी पंखाला कागद लावायला घेतला. पहिला ताव फाटला. दुसऱ्या वेळी दोन ताव एकाला एक चिकटलेले होते, तसेच दोन्ही लावले. एक आहे का दोन आहेत, हाताला समजू नये? मी भाजी निवडत होते तिथून मला दिसत होतं. तिसरा फाटल्यावर मात्र राहवलं नाही. "सरका" म्हटलं. एकशे वीस रुपयांचा एक ताव आहे, म्हणून. बाकी मला हौस नाही.

येवल्याला लहानपणी संक्रांतीच्या आधी आम्ही बहिणी इनायतचाचांच्या दुकानासाठी पतंग चिकटवायचो. कागदाचा हात मला आहे. म्हणून मी पतंगासारखाच ताणून, कडक बसवला. वाळल्यावर पंखाच्या काड्या धनुष्यासारख्या वाकल्या! हे हसले. "ताणायचा नाही गं. नुसता ठेवायचा, सुरकुतीसकट. मग पाणी फवारायचं, तो आपोआप ताणतो." आधी सांगायला काय झालं होतं? काड्या सरळ केल्या, कागद काढून नवीन लावला. कागद कोणत्या बाजूला सरळ फाटतो ते बघायचं आणि ती बाजू पंखाच्या लांबीला ठेवायची. कपड्यांवर मारायची बाटली घेऊन धुक्यासारखं पाणी मारलं. पंख टाचण्यांनी दारावर डांबून ठेवला. दुपारी बघते तर सुरकुती एक नाही. बोटाने टिचकी मारली तर डमरूसारखा वाजला.

दोनतीनदा वाजवला. कागद खराब होईल म्हणून मग सोडला.

हे म्हणाले, "मंडळाचा नियम आहे, ज्याचं विमान त्यानंच बांधायचं. दुसऱ्याचा हात लागला तर स्पर्धेत घेत नाहीत. तू कुणाला बोलू नकोस." मंडळ म्हणजे अशीच विमानं उडवणारे, कारखान्यातले, ह्यांच्याच वयाचे सातआठ रिकामे पुरुष आणि अध्यक्ष दीपकराव मोगल. मी म्हटलं, मला काय पडलंय बोलायला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आज सणाच्या दिवशी घरात जे झालं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या दसऱ्याला विसरायला नको.

घरातली हत्यारं पुजायची ही आपल्याकडची रीत. ह्यांचे पाने, पक्कड, कानस, माझी विळी, शिलाई मशीन, सगळं मांडलं. विमानाला वगळायचं कसं? दोन्ही पंख तयार होते. डोप अजून लावलं नव्हतं. डाव्या पंखावर मी कालच लाल पतंगी कागदाचा श्री कापून चिकटवला होता. जपानी लाल कागद महाग, आणि येवल्याचे दोन ताव ट्रंकेत पडून होते. दारावरून पंख काढून भिंतीला टेकवून ठेवले, हळदकुंकू वाहिलं, आणि तुळशीच्या पानाने रामकुंडाचं पाणी शिंपडलं. डावा पंख पुढे होता, त्याच्यावरच जास्त पडलं.

हे आपट्याची पानं घेऊन बाजारातून आले तोवर डावा पंख उन्हात टाकलेल्या पापडासारखा पिळला होता. मोकळा ठेवून पाणी मारलं की कागद आखडतो आणि सांगाड्याला ओढतो. आणि पतंगी कागदाचा रंग सुटला. श्रीच्या वेलांटीतून लाल ओघळ पंखाच्या टोकापर्यंत.

"सिंधू! हे काय केलंस? तीन आठवडे घातले मी ह्यात!"

"मी पण घातलेत."

"तुला कुणी सांगितलं पाणी मारायला? खेळणं आहे का ते?"

"खेळणंच आहे! साठ वर्षांच्या माणसाचं खेळणं! आणि देवाच्या पाण्याला नावं ठेवू नका."

"देवाला विमानातलं काय कळतं?"

हे वाक्य दसऱ्याच्या दिवशी, देव्हाऱ्यासमोर. मी श्रीखंडाची वाटी ह्यांच्यासमोरून उचलून आत नेली. तशीही ह्यांना मधुमेहामुळे साखर वर्ज्य आहे. दोन वर्षं डॉक्टरकडे जा म्हणून सांगते, जात नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

बोलणं बंद आहे.

कुकरच्या वाफेवर पंख धरला, कागद सैल झाला, पीळ हळूहळू उलटा दिला आणि पुन्हा दारावर डांबला. टोकाशी थोडा पीळ राहिला तो राहिलाच. ओघळ पण राहिला. हे म्हणाले (बोलणं बंद असताना), "श्री काढून दुसरा लाव." मी म्हटलं, देवाचं नाव खरवडणार नाही. हवं तर तुमचं खरवडते.

दुसरीकडे विमानाच्या अंगावर हे आपलं नाव पिवळ्या कागदात मागत होते, 'शेखर थेटे'. अक्षरं मीच कापायची. कापली. मनात येईल ते बोलत कापली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी ओवाळलं. ताटात पैसे नाही टाकले, एक पाकीट टाकलं. उघडलं तर पिवळा जपानी कागद, चार ताव. "शेपटीला तुला पिवळा हवा होता ना?" म्हणाले. मी कधी म्हणाले होते? एकदा. त्यांनी ऐकलं होतं तर.

सकाळचं हे कौतुक मी मागे घेते.

संध्याकाळी मंडळ फराळाला आलं. विमान टेबलावर मांडलेलं. दीपकराव चकली खात खात वाकून बघतात आणि म्हणतात, "शेखर, हा कागद तू लावलास? एक सुरकुती नाही रे! कारखान्यात तर तुझ्या हाताला एवढी सफाई नव्हती." सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"प्रॅक्टिस," म्हणाले.

"डोप किती हात दिलेस?"

"तीन."

दोन. दोन हात दिले होते, अर्धं डोप अर्धं थिनर, मऊ ब्रशने, पोरं झोपवावीत तशा हलक्या हाताने, आणि ते मी दिले होते. हे तेव्हा बाहेर पेपर वाचत होते, वास सोसत नाही म्हणून.

"आणि हा ओघळ मुद्दाम ठेवलायस का?"

"डिझाइन आहे ते," हे म्हणाले.

मग मला म्हणाले, "अगं, चहा ठेव ना, निवेल." चहाचा उकळता पेला स्वतः ट्रेवरून असा उचलला, काठाला नाही, मध्यावर मूठ आवळून, आणि बोलत बसले. कातडी गेंड्याची. लाज नाही तिथे चटका कुठून लागणार?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पुण्याहून सृष्टीचा फोन. लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू चिडलीस की तुझी कामं फार सुंदर होतात. आता काय करतेयस?" मी म्हटलं, शेपटीला पिवळा कागद लावतेय. ती हसत सुटली. ह्यात हसण्यासारखं काय आहे?

१६ नोव्हेंबर, रविवार

विमान माळावर नेऊन उडवलं. मी जाणार नव्हते, पण डबा कोण नेणार म्हणून गेले.

टोकाला राहिलेल्या पिळामुळे ते डावीकडे वळतं, मोठा गोल घेत घेत वर चढतं. हे म्हणाले, "असाच थोडा पीळ मला मुद्दाम द्यावा लागला असता." मी म्हटलं, रामकुंडाचं पाणी आहे. 

उन्हात कागद असा उजळतो की आतल्या काड्या दिसतात, मेलेल्या पानाच्या शिरांसारख्या. लिहून ठेवलं, बाकी काही नाही.

आता वातीचं काम माझ्याकडे आलंय. विमान गरम हवेत सापडलं तर वर वर जातच राहतं, खाली येत नाही. म्हणून शेपटीपाशी एक पेटती वात लावतात. ती धुमसत धुमसत एका रबराशी पोचते, रबर जळून तुटतं, शेपटी वर उचलली जाते आणि विमान अलगद खाली उतरतं. वात विझली तर विमान गेलं. मी रोज देवाला वाती वळते, तर ह्या पण वळून दिल्या, जाड, घट्ट, सोऱ्याच्या, म्हणजे फटाक्याच्या दारूतल्या मिठाच्या, पाण्यात भिजवून वाळवलेल्या. देवाच्या वातींच्या डब्यात नाही ठेवल्या, वेगळ्या ठेवल्या.

३ जानेवारी, शनिवार

उद्या स्पर्धा. विमानाच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवायची असते, कुणाला सापडलं तर कुणाचं ते कळावं म्हणून. ह्यांनी छापून आणली: 'शेखर थेटे', मोबाइल नंबर.

दुपारी हे झोपले तेव्हा मी ती सोडवली. ओल्या कापडाने अलगद, खालच्या कागदाला धक्का न लावता. तिथे माझ्या अक्षरातली चिकटवली: 'सौ. सिंधू शेखर थेटे, सरदार चौकाजवळ, पंचवटी, नाशिक. ह्या विमानाला कागद मी लावला आहे.' वरून डोपचा एक हात दिला. निघणार नाही.

मोबाइल नंबर मुद्दाम घातला नाही. तो फोन हे उचलतात आणि "हां, माझंच विमान" म्हणतील.

चिठ्ठी पोटाखाली आहे, कुणी वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. आणि विमान हरवलं नाही तर कुणी बघणारही नाही. तरीपण आज रामरक्षा म्हणताना जीभ अडखळली नाही. बऱ्याच दिवसांनी.

४ जानेवारी, रविवार

विमान गेलं.

सिन्नरच्या अलीकडचं पडीक रान. थंडी. मंडळी स्वेटर, कानटोप्या घालून. मी एकटीच बाई, बाकीच्यांच्या बायका शहाण्या असणार. दीपकराव म्हणाले, "वहिनी, शेखरचा हात बघायला आलात?" मी म्हटलं, "हो. बघायचाच आहे."

ह्यांचा नंबर आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ह्यांनी रबराला पीळ दिला, काडी ओढून वात पेटवली. वारा होता. मग वातीच्या टोकाला बोट लावून बघितलं, गरम आहे का ते. उन्हात निखारा दिसत नाही, म्हणून सगळे असंच बघतात.

"पेटलीय," म्हणाले.

"अहो, धूर दिसत नाहीये," मी म्हटलं.

"उन्हात धूर दिसतो का? तू मागे हो."

सोडलं.

डावीकडे वळलं, वर चढलं. पंखा थांबला तरी चढतच होतं. वर दोन घारी फिरत होत्या, त्यांच्यात जाऊन मिसळलं. मंडळी टाळ्या वाजवत होती. मी शेपटीकडे बघत होते. आता उचलेल, आता उचलेल. नाही उचलली. लाल श्री दिसत होता, मग नुसता पांढरा ठिपका दिसला, मग घारी पण कुठल्या आणि विमान कुठलं ते कळेना. पश्चिमेला, इगतपुरीकडे सरकत सरकत गेलं. दीपकरावांनी घड्याळ बंद केलं. दिसेनासं होईपर्यंतचा वेळ धरतात, म्हणून ह्यांचा पहिला नंबर. पितळी कप. वर दीपकरावांचं भाषण: "आणि कागदकामाबद्दल तर बोलायलाच नको!"

खरंच नाही बोलले. ह्यांनी कप घेतला, नमस्कार केला आणि खाली बसले.

स्कूटरवर मागे बसून मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, वही देव्हाऱ्याखाली असते. शेवटी म्हटलं, "ज्याला सापडेल त्याला कळेल कागद कुणी लावला ते! चिठ्ठी बदललीय मी!"

ह्यांनी स्कूटर एका कांद्याच्या चाळीपाशी थांबवली. मला वाटलं आता ओरडतील.

"वात विझली होती गं," म्हणाले. "मला कळलं नाही."

"बोट लावून बघितलंत ना? चटका लागला की पेटली, नाही लागला की विझली, ह्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"तेच. मला दोन्ही सारखंच लागतं." हाताचे पंजे पुढे केले, दुकानदाराला माल दाखवावा तसे. "गणपतीच्या आधीपासून. टोकांना काही कळत नाही. कागद एक आहे का दोन, तेही नाही. म्हणून तर तुला 'सरका' म्हणू दिलं."

टाचणी. चिकटलेले ताव. पाडव्याचा पेला. मी बघत होते सगळं, वहीत लिहीत होते.

"आणि त्या लोकांना सांगितलं असतं तर?" म्हणाले. "सदतीस वर्षं हातावर खाल्लं मी, सिंधू. त्यांच्यासमोर म्हणू, माझे हात गेले?"

मी मायेने काही बोलले असेन असं वाटत असेल तर चूक. मी भर रस्त्यात ओरडले. "त्यांना नाही सांगितलंत ते सोडा! मला का नाही सांगितलं? एका घरात राहतो ना आपण? रोज गरम तवा तुमच्या हातात देते मी!" चाळीवरचा माणूस काम सोडून बघत होता. ह्यांनी मान खाली घातली. पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडून मला बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर ह्यांच्या हातपाय धुण्याचं गरम पाणी विसणताना मी आधी स्वतःचा हात घालून बघितला. 

७ जानेवारी, बुधवार

काल डॉक्टर. साखर नसांवर गेलीय. गोळ्या, पथ्य, पायांची रोज तपासणी. दोन वर्षांपूर्वी गेलो असतो तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. बघण्यातच सगळं बोलून घेतलं.

आज ह्यांना दीपकरावांना फोन लावायला लावला. स्पीकर चालू करून. "कागद सिंधूने लावला, सगळा," ह्यांनी सांगितलं. "माझ्या बोटांना कळत नाही काही."  दीपकराव म्हणाले, "अरे, मग आधी बोलायचं ना." नंतर म्हणाले, "कप मात्र परत द्यावा लागेल रे, नियम आहे." ह्यांनी तो पिशवीत घालून दारामागे ठेवलाय. जाऊ दे, पितळेचा होता, घासायचं एक काम वाचलं.

दीपकरावांनी असंही विचारलं की वहिनी मंडळात येतात का. मी म्हटलं, आधी माझं विमान सापडू दे. 'माझं' असं तोंडातून गेलं. 

विमान पश्चिमेला गेलं, म्हणून त्या वाटेवरच्या गावांना पोस्टकार्डं टाकायची ठरली. गावं नकाशात ह्यांनी शोधली, मजकूर मी लिहिला. ह्यांनी विचारलं, "विमान कुणाचं लिहितेस?" मी म्हटलं, "लाकूड तुमचं, कागद माझा." "वात?" "वात माझी, विझवली तुम्ही." हसले. मी नाही हसले, माझा राग अजून शिल्लक आहे. चौरंगाच्या भोकांचा तर अख्खा बाकी आहे.

मजकूर असा:

मा. पोस्टमास्तर साहेब यांस सौ. सिंधू शेखर थेटे, पंचवटी, नाशिक यांचा सप्रेम नमस्कार. रविवारी सकाळी आमचे कागदी विमान आपल्या भागाकडे उडत गेले. रंग पांढरा, शेपटी पिवळी. डाव्या पंखावर लाल श्री आहे, त्याचा रंग ओघळला आहे, तो डाग नव्हे. झाडावर, कौलावर किंवा भाताच्या खाचरात कुणास आढळल्यास कृपया ओढून काढू नये, कागद फाटेल. मोडलेले असले तरी चालेल. नुसता डावा पंख असला तरी चालेल. पोराबाळांनी खेळायला घेतले असल्यास रागावू नये, एवढेच विचारावे की अजून उडते का. येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ. सापडो वा न सापडो, माझ्या नावाने उलट टपाली कळवावे.